आजीबाईंचे गाणे

गेल्या वर्षी लोद येथे मेंदीच्या रात्री एका वृद्ध आजीबाईंनी म्हटलेली जुनी मराठी गाणी आम्ही चित्रित केली. ध्वनिमुद्रक तारेने व्हिडिओ कॅमेऱ्यास जोडला होता. घरी येऊन ऐकतो तो आवाज पार फाटलेला! दोष सर्वस्वी आमचाच. मुद्रकाच्या ‘लाइन-आउट’मधून निघणारा आवाज कॅमेऱ्याच्या माइकच्या खाचेस फार जोराचा पडतो. वाचकहो, मधे जोर कमी करणारी खास तार घालावी, कॅमेऱ्याची स्वयंचलित पातळी बंद करून ती हाताने उतरवावी आणि हेडफोन लावून ऐकावे. मुख्य म्हणजे मुद्रकातही स्वतंत्र मुद्रण चालू ठेवावे. आरंभी एक टाळी वाजविल्यास चित्र व आवाज मागाहून जुळविता येतात. आम्ही मुद्रकाचे ते बटण दाबलेच नव्हते. आजीबाई हनुक्कापूर्वीच निवर्तल्या.