जुन्या मोटारींच्या शीतन प्रणालीतील गंज व गळती

जुन्या मोटारींच्या शीतन प्रणालीतील गंज व गळती रोखणे हा पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाच्या देखभालीचा एक महत्त्वाचा भाग आहे. पुण्यासारख्या शहरात पाणी गोठण्याइतकी थंडी पडत नाही. त्यामुळे शीतकाची (कूलंट) गरज नाही, असा समज होऊन रेडिएटरमध्ये नुसते पाणी भरले जाते. प्रत्यक्षात पाणी गोठू न देणे हे शीतकाचे केवळ एक कार्य आहे. त्यातील क्षरणरोधक द्रव्ये धातूंना गंजण्यापासून वाचवतात. म्हणून उष्ण प्रदेशातही त्याची आवश्यकता असते.

रचना

मुंबईतील कुर्ला येथे प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९६४ पासून तयार केलेली फियाट ११०० डिलाइट आणि तिचेच पुढील रूप असलेली प्रीमियर पद्मिनी या मोटारींत १,०८९ घन सेंमी क्षमतेचे इंजिन होते. त्याचा ठोकळा बिडाचा, तर हेड ॲल्युमिनियमचे असे. हिंदुस्तान ॲम्बॅसेडरच्या १,४८९ घन सेंमी पेट्रोल इंजिनात हे दोन्ही भाग बिडाचे असत. त्या काळातील रेडिएटर तांबे व पितळेचे असून त्यांचे सांधे शिसे-कथिलाच्या डाखाने जोडलेले असत. अशा रीतीने एकाच द्रवाच्या संपर्कात अनेक धातू येतात.

गंजण्याची कारणे

* विरघळलेला ऑक्सिजन: पाणी कमी झाल्यावर वरचेवर भर घातली की प्रत्येक वेळी नवा ऑक्सिजन आत जातो व बीड गंजते.
* भिन्न धातू: क्षारयुक्त पाणी विद्युतवाहक असल्याने भिन्न धातूंमध्ये विद्युतघट तयार होतो. त्यात ॲल्युमिनियम प्रथम झिजते व हेडमधील जलमार्गांच्या कडा खड्डे पडून खराब होतात.
* कठीण पाणी: दख्खनच्या बेसाल्ट खडकातील भूजलात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार असतात. बोअरवेलचे पाणी तापल्यावर त्यांचा थर सर्वांत उष्ण भागांवर बसतो आणि उष्णतेचे वहन मंदावते.
* निकामी झालेले शीतक: क्षरणरोधक द्रव्ये कालांतराने संपतात. द्रवाचा रंग चांगला दिसला, तरी तो संरक्षण देत असेलच असे नाही.

गळतीच्या जागा

वॉटर पंपाचे सील, होज पाइपची टोके, थर्मोस्टॅटची वॉटर बॉडी, हेड गॅस्केट, रेडिएटरचे डाखलेले सांधे आणि ठोकळ्यावरील पत्र्याचे कोअर प्लग या जागा प्रामुख्याने गळतात. कोअर प्लग आतून गंजत असल्याने बाहेर ओल दिसेपर्यंत दोष लक्षात येत नाही. प्रवासात हळदपूड टाकून गळती थांबवण्याचा उपाय प्रचलित आहे. मात्र तो तात्पुरता असून त्याने रेडिएटरच्या अरुंद नळ्या तुंबू शकतात.

प्रतिबंधक उपाय

इंजिन थंड असताना जुना द्रव रेडिएटर व ठोकळा या दोन्हींच्या तोट्यांमधून काढावा. ठोकळ्याच्या तळाशी गाळ साचत असल्याने केवळ रेडिएटर रिकामा करणे पुरत नाही. स्वच्छ पाण्याने प्रणाली उलट दिशेनेही धुवावी. त्यानंतर एथिलीन ग्लायकॉलयुक्त शीतक आणि निर्खनिज पाणी यांचे उत्पादकाने सांगितलेल्या प्रमाणातील, बहुधा निम्मे-निम्मे, मिश्रण भरावे.

सिलिकेटयुक्त पारंपरिक शीतक जुन्या इंजिनांना सामान्यतः योग्य मानले जाते व ते साधारण दोन वर्षांनी बदलतात. सेंद्रिय आम्लांवर आधारित काही शीतके शिशाच्या डाखाला व जुन्या सीलना अपायकारक ठरू शकतात. दोन प्रकारची शीतके एकत्र केल्यास साका तयार होण्याचा धोका असतो. फुगलेले, मऊ पडलेले वा तडकलेले होज पाइप वेळीच बदलावेत.

पुण्यातील परिस्थिती

समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्याने पुण्यात पाणी सुमारे ९८ अंश सेल्सियसलाच उकळते. बोरघाट किंवा कात्रजच्या घाटात खालच्या गिअरमध्ये चढताना इंजिनावर भार अधिक व वाऱ्याचा झोत कमी असतो. दाब धरणारे झाकण असलेल्या प्रणालीत दर पौंड प्रति चौरस इंच दाबामागे उत्कलनबिंदू सुमारे दीड अंशाने वाढतो. झाकणाचे रबर खराब झाल्यास हा लाभ नाहीसा होतो. इंजिन अतितप्त झाल्यास ॲल्युमिनियमचे हेड वाकू शकते.

मूळ इंजिनाचे महत्त्व

केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, ५० वर्षांहून जुन्या वाहनास ‘विंटेज’ नोंदणी मिळण्यासाठी ते मूळ स्वरूपात असावे लागते. चॅसिस, बॉडी वा इंजिनात मोठे फेरफार केलेले चालत नाहीत. त्यामुळे गंजून निकामी झालेला ठोकळा हे केवळ खर्चाचे नुकसान ठरत नाही.

सुरक्षितता

तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडल्यास उसळणाऱ्या वाफेने गंभीर भाजते. एथिलीन ग्लायकॉल विषारी असून चवीला गोड असते. त्यामुळे सांडलेले शीतक मुले व पाळीव प्राणी यांच्यासाठी प्राणघातक ठरू शकते. जुने शीतक गटारात किंवा जमिनीवर ओतू नये.