कामाचं चामडं – लेखांक ७ : म्यानाची पाठ

मागच्या आठवड्यात छाटणीच्या कात्रीचं म्यान आपण अर्ध्यावर सोडलं. पुढचा भाग कोमट पाण्यात भिजवला, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या कात्रीवर दाबून बसवला आणि सावलीत वाळवला. एव्हाना तो कात्रीचा आकार धरून कडक झाला असेल. ज्यांनी प्लॅस्टिक गुंडाळायचा कंटाळा केला त्यांच्या म्यानावर काळे-निळे डागही उमटले असतील. हिरड्याने आणि बाभळीच्या सालीने कमावलेल्या ओल्या चामड्याला लोखंड लागलं की हे होणारच; हिरडा आणि लोखंडापासून पूर्वी शाईच करत. डाग सहज जायचे नाहीत, पण म्यान वाया गेलेलं नाही.

आता राहिली पाठ, आणि पाठीवरची बेल्ट ओवायची पट्टी. बहुतेक जण इथेच फसतात. सुंदर घडवलेला पुढचा भाग मागच्या भागाला शिवून टाकतात, कडा घासून गुळगुळीत करतात आणि मग पट्टी कुठे लावायची ते बघतात. तोवर उशीर झालेला असतो. आत सुई फिरत नाही, रिव्हेट ठोकायला खालून ऐरण जात नाही. म्हणून म्यान बंद करायच्या आधी पट्टी पाठीवर बसलीच पाहिजे. खरं तर तिचा विचार चामडं कापतानाच व्हायला हवा.

त्याआधी हे म्यान कमरेला काय काय सोसतं ते बघू. निफाड तालुक्यात, उगाव-शिवडीपासून पिंपळगावपर्यंत, द्राक्षाची ऑक्टोबरची गोडी छाटणी सुरू झाली की पेठ-सुरगाण्याकडच्या मजुरांच्या टोळ्या बागेत उतरतात. मांडवाखाली हात वर करून दिवसभर काड्या कापायच्या. मध्येच तार ओढायची, काडी बांधायची, पाणी प्यायचं, आणि दर वेळी कात्री कुठेतरी ठेवायची. खाली ठेवली तर पाचोळ्यात हरवते. पँटच्या मागच्या खिशात खोचली तर खिसा फाटतो, आणि वाकताना टोक कुठे लागेल ते सांगता येत नाही. कात्री असते जेमतेम पाव किलोची. फेल्कोसारखी चांगली कात्री साधारण २४० ग्रॅम भरते. एवढ्या वजनाने पट्टी तुटत नाही. तुटते ती हिसक्याने.

म्यान पाठीकडून बघा. बेल्ट पाठ आणि पट्टी यांच्यामधून जातो. कात्री आत खुपसली की म्यान खाली जातं आणि पट्टीचा वरचा जोड बेल्टाच्या वरच्या काठावर आदळतो. कात्री बाहेर ओढली की म्यान वर येतं आणि खालचा जोड बेल्टाच्या खालच्या काठावर अडकतो. आपलं म्यान कात्रीवर घट्ट घडवलेलं, म्हणजे काढताना ते कात्री सहज सोडत नाही. हिसका मोठाच बसतो. म्हणून वरचा जोड भक्कम करून खाली दोन टाके घालून भागवलेली पट्टी खालूनच सुटते. दोन्ही टोकांना सारखंच काम आहे.

आता मापं. बाजारातला कामाचा बेल्ट बहुधा ३८ मिमी, म्हणजे दीड इंच रुंद आणि चारेक मिमी जाड असतो. पाठीवर दोन शिवणींच्या मधली मोकळी जागा ४६ मिमी ठेवा. पट्टीचा मधला भाग मात्र ५० मिमी हवा, कारण पट्टीला बेल्टाच्या जाडीवरून चढून पलीकडे उतरायचं असतं. हे चार मिमी विसरलात तर बेल्ट आत जातो पण चामडं ताणलं जातं आणि टाक्यांची भोकं पहिल्या दिवसापासून लांबायला लागतात. दोन्ही टोकांना शिवायला २५-२५ मिमी धरा. एकूण पट्टी १०० मिमी लांब आणि ४० मिमी रुंद. रुंदी कमी करू नका. अरुंद पट्टीवर म्यान चालताना डुलतं आणि मुठी तारेत अडकतात.

पट्टी पाठीच्या चामड्यातून कापा, पोटाच्या नको. जनावराच्या पोटाकडचं चामडं सैल असतं, ओढलं की वाढतं. ‘चामडं कुठून आणायचं’ हा प्रश्न पत्रांत अजून येतोच आहे, म्हणून पुन्हा सांगतो : कोल्हापुरी चपलेचं म्हशीचं चामडं चालेल, कानपूरचं घोड्याच्या साजाचं चालेल, धारावीत विचारलंत तर दोन्ही मिळेल. फक्त सालीने कमावलेलं हवं. क्रोमचं मऊ चामडं ओलं करून घडवता येत नाही, वाळलं की पुन्हा लोळागोळा.

जागेबद्दल. पट्टी तोंडाजवळ लावा. म्यानात कात्रीची पाती खाली आणि मुठी बाहेर असतात, त्यामुळे वजन बरंचसं वरच राहतं. पट्टी अर्ध्यावर किंवा त्याखाली लावली तर म्यान बेल्टाच्या वर डोकं काढतं आणि बाहेरच्या बाजूला कलंडतं. पट्टीची वरची शिवण तोंडापासून बोटभर खाली आली की बेताचं होतं.

लावायच्या दोन रीती आहेत. सरळ रीत अशी : वेगळी पट्टी घ्या. तिच्या दोन्ही टोकांचा शेवटचा सेंटिमीटर रापीने आतून तासून पातळ करा, म्हणजे कड वर येऊन पँटला घासणार नाही. म्यानाच्या पाठीचा गुळगुळीत भाग जिथे चिकटणार तिथे पॉलिश कागदाने खरवडून घ्या. खरवडल्याशिवाय सोल्युशन धरत नाही, नंतर सोलून निघतं. दोन्हीकडे सोल्युशन लावा, हाताला चिकटेनासं झालं की जोडा आणि हातोडीने हलके ठोका. जोडताना मधे चामड्याचे दोन तुकडे एकावर एक ठेवले की ते चार मिमीचं चढण आपोआप मिळतं. मग आरीने साधारण ४ मिमी अंतरावर भोकं पाडून मेण लावलेल्या पॉलिएस्टरच्या दोऱ्याने शिवा. दोरा एकच, सुया दोन, दोन्ही बाजूंनी एकाच भोकातून. यात एखादा टाका तुटला तरी शेजारचे टिकून राहतात. मशिनची शिवण एकदा तुटली की उसवत जाते. सुती दोरा नको, घामाने कुजतो.

शिवण कशी घालायची यात मात्र मतभेद आहेत. चौकोन आणि मधे फुली अशी शिवण लोकांना मजबूत वाटते, कारण नवारीच्या पट्ट्यांवर ती असते. नवार विणलेली असते, सुई धाग्यांना बाजूला सारून जाते. चामड्यात आरी भोक पाडते. पट्टीच्या आडव्या रेषेत दहा भोकं पाडली की ती तिकिटाच्या कडेसारखी होतात, ओढलं की नेमकं तिथेच फाटणार. फुलीला तर माझा साफ विरोध आहे. मी तीन बाजूंनी शिवतो : दोन उभ्या आणि बाहेरच्या टोकाची एक आडवी. बेल्टाच्या बाजूची आडवी ओळ मोकळी सोडतो आणि तिथल्या दोन कोपऱ्यांत एकेक पितळी किंवा तांब्याचं रिव्हेट ठोकतो. एकच रिव्हेट मधोमध लावून शिवणीला सुट्टी देणारे आहेत. त्यांची पट्टी महिन्याभरात गोल फिरायला लागते. लोखंडी रिव्हेट वापरलंत तर काळ्या डागांची गोष्ट परत सुरू. आतल्या बाजूला दोरा चामड्यात खोबण पाडून त्यात बसवा, आणि रिव्हेटच्या डोक्यांवर पातळ चामड्याचा तुकडा चिकटवा. नाहीतर कात्रीचं पातं दर वेळी आत-बाहेर करताना दोरा कापत राहील.

दुसरी रीत मला जास्त आवडते. पाठीचा तुकडा कापतानाच तोंडाच्या वर ८० मिमी जास्त ठेवायचा आणि तो मागे दुमडून खाली शिवायचा. वरचा जोडच उरत नाही, अख्खं चामडंच वळतं. दुमड ओली करून घाला, कोरडी वाकवली तर चामडं तडकतं. यात एक कुरूपता आहे, ती आधीच सांगतो : दुमडल्यावर पट्टीची खरखरीत बाजू अंगाकडे येते. कुणाला दिसत नाही, पण घाम तिथे मुरतो. आणि खाली चिकटणाऱ्या दोन्ही बाजू गुळगुळीत असतात, म्हणून खरवडायचं काम दुप्पट.

कुठलीही रीत घ्या, पट्टी वाळलेल्या पाठीवरच लावा. आधी पट्टी चिकटवून मग सगळं म्यान भिजवलं तर सोल्युशन सुटतं आणि पाठ वाळताना वाकडी होते.

विंचूरच्या एका वाचकाने विचारलंय की म्यान शिवून झालंय, आता काय? पूर्ण उसवायची गरज नाही. तोंडाजवळ तीन-चार सेंटिमीटर आत बोटं आणि लोखंडी पट्टी जाते. तेवढ्यात दोन रिव्हेटं ठोकता येतात, म्हणजे वरचा जोड झाला. खालच्या जोडासाठी एका बाजूची शिवण तेवढीच पाच-सहा सेंटिमीटर उसवा, पट्टी शिवा, आणि जुन्याच भोकांतून परत शिवून घ्या. नवी भोकं पाडू नका.

आणि एक, जे छाटणीच्या गडबडीत कुणाच्या लक्षात येत नाही. हे सगळं बेल्ट लावणाऱ्यांसाठी झालं. मणी विरळणीचं काम बहुतांशी बायका करतात, साडीवर जुना शर्ट घालून. त्यांच्या कमरेला बेल्ट कुठला? विरळणीची कात्री बारीक नाकाची, हलकी. तिचं म्यानही लहान. ३८ मिमीच्या बेल्टासाठीची पट्टी नाडीवर ओवली तर म्यान झोके खातं. त्यांच्यासाठी इंचभर नवार धरून मधली जागा ३२ मिमी ठेवा, पट्टीचा मधला भाग ३५-३६, आणि म्यानाबरोबर नवारीचा बांधायचा पट्टाही द्या. नवार शर्टावरून बांधता येते, धुता येते. म्यान ज्याच्यासाठी करताय त्याची कंबर आधी बघायची, ती यासाठी.

छाटणीनंतर डोळे फुटावेत म्हणून काडीला हायड्रोजन सायनामाइडचं पेस्टिंग होतं, ते द्रावण चामड्यावर उडालं तर वाईट. म्यान त्या दिवशी कमरेला ठेवू नका. बोर्डो मिश्रणाचे निळे थेंब पडले तर ओल्या फडक्याने लगेच पुसा. पुढच्या लेखांकात पाठ आणि पुढचा भाग एकत्र शिवू, कडा घासू आणि तेल किती द्यायचं ते बघू. तोवर पट्टी लावलेली नुसती पाठ बेल्टात ओवून दोन दिवस वावरात फिरा. ती बरगडीला टोचत असेल, खाली बसताना मांडीत घुसत असेल, तर आत्ताच कळलेलं बरं. रिव्हेट अजून ठोकलेलं नसेल तर टाके उसवून पट्टी सरकवता येते.