अंधांच्या काठीला ध्वनिलहरींची जोड

घरातून एकट्याने बाहेर पडावे, शाळेत, बाजारात किंवा कचेरीत जावे आणि सुखरूप परत यावे, ही डोळस माणसाच्या दृष्टीने इतकी साधी बाब आहे की तिची दखल घ्यावी असे कोणालाच वाटत नाही. अंध व्यक्तीच्या बाबतीत मात्र शिक्षण, रोजगार आणि सामाजिक जीवन या साऱ्यांचे दार या एकाच गोष्टीने उघडते किंवा बंद राहते. ज्याला सोबतीवाचून चालता येत नाही, त्याचे शिक्षण सोबत्याच्या सवडीवर आणि नोकरी नातेवाइकांच्या सोयीवर अवलंबून राहते. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील २ कोटी ६८ लाख दिव्यांगांपैकी सुमारे ५० लाख व्यक्तींना दृष्टिदोष होता. यांतील सर्वच व्यक्ती पूर्णतः अंध नाहीत. तरीही प्रश्नाची व्याप्ती या आकड्यावरून ध्यानात यावी.

या प्रश्नाच्या एका नेमक्या अंगावर दिल्लीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील (आयआयटी) पदवीच्या विद्यार्थ्यांनी २००५ च्या सुमारास काम सुरू केले. त्यातून ‘स्मार्टकेन’ हे हातात धरण्याचे साधन तयार झाले व २०१४ मध्ये ते प्रत्यक्ष वापरासाठी उपलब्ध झाले. विद्यार्थ्यांचा एक अभ्यास-प्रकल्प उपयुक्त वस्तूच्या रूपाने लोकांच्या हाती कसा पोहोचतो, हे समजून घेण्यासाठी हा प्रयत्न मुळातून पाहण्यासारखा आहे.

पांढऱ्या काठीचे सामर्थ्य व मर्यादा

काठीच्या आधाराने चालण्याची रीत जुनी असली, तरी तिला शास्त्रशुद्ध स्वरूप विसाव्या शतकात मिळाले. दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांच्या पुनर्वसनासाठी अमेरिकेत रिचर्ड हूव्हर यांनी लांब काठी वापरण्याची पद्धत बसवली. काठीचे टोक खांद्यांच्या रुंदीइतक्या टप्प्यात डावी-उजवीकडे फिरवायचे आणि पुढचे पाऊल पडण्यापूर्वी तेथील जमीन तपासून घ्यायची, हे तिचे मुख्य सूत्र. परिस्थितीज्ञान व चलनवलन या नावाने दिल्या जाणाऱ्या प्रशिक्षणाचा पाया आजही हाच आहे.

ही काठी स्वस्त, हलकी व टिकाऊ असते. खड्डा, पायरी, गटाराची कड, जमिनीचा बदललेला पोत हे सारे ती हाताला कळवते; शिवाय ती दिसताच वाहनचालक व पादचारी सावध होतात. परंतु तिचे ज्ञान जमिनीपुरते आणि एखाद-दुसऱ्या पावलापुरते असते. गुडघ्याच्या वर असलेला जो अडथळा जमिनीला टेकलेला नाही, तो तिला कळत नाही. झाडाची खाली आलेली फांदी, रस्त्याच्या बाजूला उघडलेली खिडकी, घराच्या पडवीचा पुढे आलेला पत्रा, उभ्या ट्रकचा मागचा भाग, सोडून ठेवलेल्या बैलगाडीची दांडी यांच्याखालून काठी निर्वेधपणे जाते आणि आघात होतो तो छातीवर, कपाळावर किंवा चेहऱ्यावर. असा एखादा अपघात झाला की जखम काही दिवसांत भरून येते. पण मनात बसलेली भीती जात नाही, आणि अनेकदा एकट्याने बाहेर पडणेच बंद होते.

दुसरी अडचणही तितकीच खरी आहे. वाटेत कोणी उभे असेल किंवा गुरे बसलेली असतील, तर त्यांना काठी लागल्यावरच त्यांचे अस्तित्व कळते. असा नको असलेला स्पर्श दोन्ही पक्षांना संकोचाचा आणि क्वचित धोक्याचाही ठरतो.

विद्यार्थ्यांचा प्रकल्प

आयआयटी दिल्लीतील संगणकशास्त्राचे प्राध्यापक एम. बालकृष्णन यांच्या मार्गदर्शनाखाली या विद्यार्थ्यांनी हा प्रश्न हाती घेतला. यंत्र अभियांत्रिकीचे प्राध्यापक पी. व्ही. एम. राव यांचेही सहकार्य लाभले. दृष्टिहीनांसाठी काम करणारी सक्षम ही संस्था आणि तिचे दीपेंद्र मनोचा, जे स्वतः दृष्टिहीन आहेत, यांचा या कामात सहभाग होता. ज्यांच्यासाठी साधन बनवायचे, त्यांचा अनुभव व मत आरेखनात सामील करून घेतल्यामुळे कामाला योग्य दिशा मिळाली.

डोळस आरेखक अशा वेळी बहुधा काठीला पर्याय शोधू लागतो. येथे मात्र काठी तशीच ठेवून तिची उणीव तेवढी भरून काढण्याचे ठरले. जमिनीची माहिती काठीच्या टोकाने द्यावी आणि गुडघ्यावरील अडथळ्यांची माहिती नव्या साधनाने द्यावी, अशी ही कामाची वाटणी होती. त्यामुळे वापरणाऱ्याला आधीचे कौशल्य सोडावे लागत नाही आणि उपकरण बंद पडले तरी तो निराधार होत नाही, कारण साधी काठी हातात असतेच.

साधनाचे कार्य

स्मार्टकेन हा वस्तुतः काठीच्या मुठीच्या जागी बसणारा एक सुटा भाग आहे. घडीच्या पांढऱ्या काठीच्या वरच्या टोकावर तो बसवता येतो. काठी झिजली अथवा मोडली, तर हा भाग काढून दुसऱ्या काठीवर लावता येतो. आपल्याकडील रस्त्यांची अवस्था पाहता ही सोय लहान नव्हे.

या मुठीतून श्राव्यातीत ध्वनिलहरी पुढे सोडल्या जातात. माणसाचा कान साधारणतः सेकंदाला २० हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू शकतो. त्याहून अधिक कंपनसंख्येच्या या लहरी आपल्याला ऐकू येत नाहीत. समोर अडथळा असेल तर त्या त्यावर आपटून परत येतात. लहर निघाल्यापासून प्रतिध्वनी येईपर्यंत किती वेळ गेला, यावरून अडथळ्याचे अंतर काढले जाते. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर असतो. तीन मीटरवरील वस्तूपर्यंत जाऊन परत येण्यास लहरीला सहा मीटर प्रवास करावा लागतो आणि त्यासाठी सुमारे १८ सहस्रांश सेकंद पुरतात. रात्रीच्या अंधारात वटवाघूळ ज्या तत्त्वावर मार्ग शोधते, तेच हे तत्त्व होय.

अंतर काढल्यावर ते मुठीच्या कंपनांद्वारे हाताला कळवले जाते. अडथळा जसजसा जवळ येतो, तसतशी कंपने बदलत जाऊन तीव्र होतात. सूचना आवाजाऐवजी स्पर्शाने देण्यामागे महत्त्वाचे कारण आहे. अंध व्यक्ती रस्त्यावर असताना तिचे कान सतत कामात असतात. येणारे वाहन, बोलणारी माणसे, मोकळ्या जागेतील व भिंतीजवळील आवाजातील फरक, या सर्वांचा वेध ती कानांनीच घेते. त्याच कानात यंत्राची घंटी वाजू लागली, तर मदतीऐवजी अडथळाच व्हायचा. तळहात मात्र त्या वेळी काठी धरूनच असतो.

साधनाचे दोन पल्ले ठेवले आहेत. घराबाहेर मोकळ्या रस्त्यावर सुमारे तीन मीटरपर्यंतचे अडथळे कळतात. खोली, व्हरांडा अथवा गर्दीच्या जागी तीन मीटरच्या आत काही ना काही असतेच. तेथे मूठ सतत कंप पावत राहिली तर सूचनेला अर्थ उरत नाही. म्हणून अशा ठिकाणी सुमारे १.८ मीटरचा लहान पल्ला वापरायचा. तीन मीटरवर सूचना मिळाली, तर सेकंदाला एक मीटर चालणाऱ्या माणसाला थांबण्यास किंवा वळण्यास सुमारे तीन सेकंद मिळतात. विजेसाठी आत पुन्हा चार्ज करता येणारी बॅटरी असते.

नमुन्यापासून वस्तूपर्यंत

प्रयोगशाळेत चालणारा पहिला नमुना करणे हे कामाचे पहिले पाऊल होते; तेथून बाजारापर्यंत येण्यास जवळजवळ नऊ वर्षे लागली. नमुना विद्यार्थ्याच्या टेबलावर चालला म्हणजे तो वापरणाऱ्याच्या हातात चालेलच असे नाही. काठी पडते, आपटते, धूळ आणि ओल खाते. प्रत्येकाची मूठ धरण्याची लकब निराळी असते. कळ आणि चार्जिंगची जागा केवळ स्पर्शाने सापडली पाहिजे. अशा प्रत्येक बाबीसाठी आरेखन बदलावे लागते, चाचणी घ्यावी लागते आणि पुन्हा बदल करावे लागतात.

यासाठी ब्रिटनमधील वेलकम ट्रस्टने अर्थसाहाय्य दिले आणि चेन्नईच्या फिनिक्स मेडिकल सिस्टिम्स या वैद्यकीय उपकरणे बनवणाऱ्या कंपनीने उत्पादनाची जबाबदारी घेतली. संशोधन संस्था, वापरणाऱ्यांची संघटना, उत्पादक व अर्थसाहाय्य देणारी संस्था या चौघांची सांगड बसली म्हणूनच वस्तू तयार झाली. २०१४ मध्ये तिची किंमत सुमारे तीन हजार रुपये होती. अशा प्रकारची परदेशी साधने त्या वेळी कित्येक पटींनी महाग होती. किंमत आवाक्यात ठेवणे हाही आरेखनाचाच भाग होता; कारण घेता न येणारे साधन गरजूच्या दृष्टीने नसल्यासारखेच.

प्रशिक्षणावाचून साधन व्यर्थ

या साधनाच्या मर्यादाही स्पष्टपणे समजून घेतल्या पाहिजेत. ते खड्डा दाखवत नाही. ते काम काठीच्या टोकाचेच आहे. कपडे वाळत घालण्याच्या दोरीसारखी बारीक वस्तू त्याच्या नजरेतून सुटू शकते. तिरप्या पृष्ठभागावर आपटलेली लहर भलतीकडे वळते, तर मऊ कापडासारख्या वस्तू ती शोषून घेतात. वेगाने येणाऱ्या वाहनापासून बचाव करण्याचेही हे साधन नव्हे.

म्हणून ज्याला पांढरी काठी नीट वापरता येते, त्याच्याच हातात हे साधन शोभते. कोणते कंपन किती अंतर सांगते, पल्ला केव्हा बदलावा, मूठ कोणत्या कोनात धरावी, हे प्रशिक्षकाने प्रत्यक्ष रस्त्यावर चालवून शिकवावे लागते. समारंभात वाटलेली आणि नंतर कोपऱ्यात पडून राहिलेली साधने अनेक गावांत दिसतात. बहुतेक वेळा दोष साधनाचा नसतो. ते देणाऱ्यांनी शिकवण्याची व्यवस्था केलेली नसते.

आपल्याकडे काय करता येईल

दिव्यांगांना साहाय्यक साधने देण्यासाठी केंद्र शासनाची ‘एडिप’ ही योजना १९८१ पासून चालू आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांसंबंधीचा कायदा २०१६ मध्ये संमत झाला आणि महाराष्ट्रात २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग स्थापन झाला. ग्रामपंचायतींनी स्वतःच्या उत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावी, असे शासनाचे धोरण आहे. ही रक्कम लहान गावात थोडी असते हे खरे. परंतु गावातील एखाद्या अंध विद्यार्थ्याला काठी, मुठीचे साधन व काही दिवसांचे प्रशिक्षण मिळवून देण्याच्या कामी तिचा उपयोग होऊ शकतो. १९५२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ‘नॅब’सारख्या संस्थांचे मार्गदर्शन त्यासाठी घेता येईल.

काही कामांना तर पैसाही लागत नाही. शाळेच्या, दवाखान्याच्या व पंचायतीच्या वाटेवर डोक्याच्या उंचीला आलेल्या फांद्या छाटणे, पुढे आलेले पत्रे मागे घेणे, वाहने पायवाटेवर उभी राहू न देणे, हे ग्रामसभेच्या एका ठरावाने होण्यासारखे आहे. वर्गातील मुलांनी अंध सोबत्याच्या काठीशी खेळू नये आणि त्याला न विचारता दंड धरून ओढू नये, एवढे शिक्षकाने समजावले तरी त्या मुलाचे चालणे सुकर होते.

आपल्या राज्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयांत व तंत्रनिकेतनांत दरवर्षी असंख्य विद्यार्थी-प्रकल्प होतात आणि परीक्षा संपताच कपाटात जातात. प्रकल्पाचा विषय निवडण्यापूर्वी विद्यार्थ्यांचा गट जवळच्या अंधशाळेत, पुनर्वसन केंद्रात किंवा जिल्हा रुग्णालयात आठवडाभर जाऊन बसला, तर खऱ्या गरजा त्याला तेथेच सापडतील. पुढील वर्षाच्या तुकडीने तेच काम पुढे न्यावे, अशी व्यवस्था प्राचार्यांनी केली पाहिजे. नऊ वर्षांचे काम एका वर्षाच्या गुणपत्रिकेत मावत नाही.

अंध माणसाला रस्त्यावर हात धरून नेणारे सज्जन आपल्या समाजात पुष्कळ आहेत, आणि ही चांगुलपणाची परंपरा टिकलीच पाहिजे. परंतु हाताची वाट न पाहता ज्या दिवशी तो स्वतःच्या पायांनी शाळेत, बाजारात आणि ग्रामसभेत येऊन पोहोचेल, त्या दिवशी त्याला नागरिक म्हणून आपले स्थान मिळाले असे म्हणता येईल. त्यासाठी लागणारे साधन आज देशात तयार होते. ते योग्य हाती, योग्य शिक्षणासह पोहोचवणे हे आता आपले काम आहे.