ठोकळ्यांतलं घर

'नुसते ठोकळे रचत बसते हो दिवसभर!' लेकीबद्दलची ही तक्रार हल्ली मंडळात बऱ्याच जणी करतात. मैत्रिणींनो, एकदा तिच्या शेजारी बसून ते ठोकळे बघा तरी.

माइनक्राफ्ट हा २००९ साली स्वीडनमध्ये जन्मलेला खेळ. त्यात तयार खुर्ची मिळत नाही. पायरीचा ठोकळा ठेवायचा, दोन्ही बाजूंना पाट्या लावायच्या, की झाली खुर्ची! भिंतीसाठी सहा लोकरी ठोकळे आणि एक काठी यांचं निशाण करायचं. मागावर त्याच्यावर एकावर एक सहा नक्ष्या चढवता येतात, रंग सोळा. २०१७ मध्ये आलेले चकाकते ठोकळे तर आपल्या रांगोळीचे भाऊबंद. भट्टीत माती भाजा, रंगवा, पुन्हा भाजा. मग चार ठोकळे वेगवेगळ्या दिशांना फिरवून मांडले की नक्षी जुळते. २०२३ पासून मडकंही आहे, चारही बाजूंना हवं ते चित्र असलेलं.

यात मोजमाप आहे, रंगांची जाण आहे, चिकाटी आहे. पण हेच मुलगा करतो तेव्हा तो 'कॉम्प्युटरमध्ये हुशार', आणि मुलगी करते तेव्हा 'वेळ फुकट'. असं का?

आपल्यापैकी कितीजणींना विचारून घराच्या भिंतींचा रंग ठरला होता? लेक निदान पडद्यावर तरी स्वतःच्या मनासारखं घर मांडतेय. वेळेचं बंधन जरूर घाला, ती अनोळखी माणसांबरोबर खेळत नाही ना, तेही पाहा. पण तिनं बांधलेलं घर एकदा कौतुकानं बघा, आणि पुढच्या वेळी घरातला पडदा निवडताना तिलाही विचारा.