आजीचं घंगाळ मोडीत काढताय? आधी हे वाचा

शिरूर-दौंड भागात जुना वाडा उतरवला की हंडे, घंगाळं, समया किलोच्या भावानं मोडीत जातात. काही पुण्यातल्या मंगळवार पेठेत, रविवार-बुधवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात पोहोचतात. त्याआधी कायदा जाणून घ्या.

पुरावस्तू म्हणजे काय?
१९७२ च्या कायद्यानुसार नाणी, मूर्ती, कलावस्तू किमान १०० वर्षे जुन्या हव्यात. महत्त्वाच्या हस्तलिखितांना ७५ वर्षे पुरेशी.

विकता येते का?
स्वतःची वस्तू देशात विकता येते. मात्र प्राचीन मूर्ती, चित्रे, सचित्र हस्तलिखिते यांची नोंदणी लागते. पुरावस्तूंच्या व्यापाराला परवाना हवा. खासगी व्यक्तीला त्या परदेशी पाठवता येत नाहीत.

शेतात सापडले तर?
घोड नदीकाठच्या इनामगावात डेक्कन कॉलेजला ताम्रपाषाणयुगीन वसाहत सापडली होती. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू मिळाल्यास १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते.

मग मोड द्यावी का?
मोडीत फक्त धातूचं वजन होतं. नक्षी, कोरलेलं नाव यांना भाव नाही. पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय घराघरातल्या दिवे, अडकित्ते, भांड्यांतूनच उभं राहिलं. देण्याआधी फोटो काढा, घरातल्या थोरांना विचारा, जाणकाराला दाखवा. वितळलेलं घंगाळ परत मिळत नाही.