सूर्याच्या उंबरठ्याबाहेरची मोजदाद



सकाळी कामावर निघालेल्यांना हा अनुभव रोजचा आहे. लोकल लागते, माणसांचा लोंढा जिना चढू लागतो आणि नेमके त्याच वेळी आपल्याला खाली फलाटावर उतरायचे असते. धट्टाकट्टा माणूस धापा टाकत पोहोचतो, लहान पोर मात्र मागे ढकलले जाते. आता फलाटावर उभ्या असलेल्याला विचारले, वरून किती पोरे निघाली होती, तर तो काय सांगणार? विश्वकिरणांच्या अभ्यासकांपुढे अनेक वर्षे हीच अडचण होती.

विश्वकिरण हे नावालाच किरण. खरे तर ते अतिवेगवान कण आहेत, बहुतेक हायड्रोजनच्या अणूंचे गाभे. ७ ऑगस्ट १९१२ रोजी व्हिक्टर हेस हे शास्त्रज्ञ बलूनमधून सुमारे ५,३०० मीटर उंच गेले. वर जावे तसे विकिरण वाढत गेले. म्हणजे ते जमिनीतून नव्हे, आकाशातून येत होते. या शोधाला १९३६ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

कोणत्या ऊर्जेचे किती कण, या यादीला वर्णपट म्हणतात. वस्तीची शिरगणती वयोगटाप्रमाणे करावी तसेच हे. पण सूर्यातून विद्युतभारित कणांचा वारा सतत बाहेर वाहतो. त्याच्याविरुद्ध आत येताना विश्वकिरणांची ऊर्जा घटते आणि दुबळे कण पृथ्वीपर्यंत पोहोचतच नाहीत. दर सुमारे ११ वर्षांनी सूर्य खवळतो, तेव्हा ही आवक आणखी घटते.

मग बाहेरचा खरा वर्णपट कसा कळावा? शास्त्रज्ञांनी घरखर्चाच्या वहीसारखा गणिती आराखडा मांडला. आकाशगंगेत कण किती जन्मतात, वाटेतल्या वायूत किती ऊर्जा खर्चतात, किती बाहेर निसटतात, असा जमाखर्च. जास्त ऊर्जेच्या कणांचा हिशेब पृथ्वीजवळच्या मोजणीशी ताडता येई. दुबळ्या कणांच्या बाबतीत मात्र अंदाजा-अंदाजांत मोठी तफावत राही. बाहेर जाऊन मोजल्याखेरीज निकाल लागणार नव्हता.

ते काम व्हॉयेजर या जुळ्या यानांनी केले. दोन्ही १९७७ साली निघाली. २५ ऑगस्ट २०१२ रोजी व्हॉयेजर-१ ने सूर्याच्या वाऱ्याची हद्द ओलांडली. तेव्हा ते सूर्यापासून सुमारे १,८०० कोटी किलोमीटरवर होते. आतल्या बाजूचे कण एकाएकी जवळजवळ नाहीसे झाले आणि बाहेरचे वाढले. दुबळ्या कणांची खरी यादी माणसाच्या हाती प्रथमच आली. ५ नोव्हेंबर २०१८ रोजी व्हॉयेजर-२ दुसऱ्या दिशेने बाहेर पडले. त्याचीही यादी जवळजवळ तशीच निघाली.

आता आराखड्याला दोन पक्के काठ मिळाले. कमी ऊर्जेकडे व्हॉयेजरची मोजणी. जास्त ऊर्जेकडे २०११ पासून अंतराळ स्थानकावर असलेल्या एएमएस-०२ या उपकरणाची मोजणी, कारण तेवढ्या जोमदार कणांना सूर्याचा वारा फारसा अडवत नाही. मधला पूल गणिताने बांधायचा.

हिशेब मांडल्यावर एक कोडे मात्र पुढे आले. अवकाशातल्या वायूच्या ढगांतून तारे जन्मतात आणि त्या वायूच्या अणूंतले इलेक्ट्रॉन विश्वकिरण उडवून लावतात. २०१६ साली व्हॉयेजरच्या आकड्यांवरून या कामाचा वेग काढला, तो ढगांच्या रसायनावरून काढलेल्या वेगाच्या सुमारे एक दशांशच भरला! दोन्ही हिशेब जाणत्यांचे, तरी मेळ बसत नाही.

आणि मोजणारा डोळा तर मिटत चालला आहे. या यानांची वीज प्लुटोनियमच्या उष्णतेतून येते आणि ती दरवर्षी सुमारे ४ वॉटने घटते. वीज वाचवण्यासाठी २५ फेब्रुवारी २०२५ रोजी व्हॉयेजर-१ वरील विश्वकिरण मोजणारे उपकरण बंद करण्यात आले. सत्तेचाळीस वर्षे ते राबले.

आम्हाला यातली एक गोष्ट मोलाची वाटते. आराखडे मांडणारे विद्वान मोठे होते, पण मोजणी आल्यावर त्यांनी आपले अंदाज तिच्यापुढे ठेवले. चुकले ते खोडले, टिकले ते ठेवले. कोण म्हणाले यापेक्षा मोजल्यावर काय निघाले, हे पाहिले. आज रात्री जेवणे झाल्यावर घरातल्या मुला-मुलींना ही हकीकत जरूर सांगा. त्यांनी प्रश्न विचारले तर गप्प बसवू नका.