हरितगृहापूर्वी देशविचार

सर्पगंधेचे मूळ हाच तिचा औषधी भाग असल्याने प्रत्येक संकलनासोबत झाड मुळासकट जाते. तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइटिस करारान्वये नियंत्रण आहे. अशा वनस्पतींची रोपे स्वतः तयार करण्यासाठी हरितगृह उभारण्याचा औषधनिर्मात्यांचा विचार स्तुत्यच होय. मात्र आराखडा निवडताना देशविचार विसरता कामा नये.

चरकसंहितेच्या कल्पस्थानात औषधिद्रव्यांच्या संदर्भात जांगल, आनूप व साधारण असे देशाचे तीन प्रकार वर्णिले आहेत. हाच भेद हरितगृहासही लागू पडतो. ओल्या पॅडमधून हवा खेचणारे पंखे बाष्पीभवनाने गारवा निर्माण करतात. विदर्भातील उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअस व आर्द्रता २० टक्के असता पॅडमधून येणारी हवा २६ ते २७ अंशांपर्यंत उतरू शकते. कोकणात ३४ अंश व ७५ टक्के आर्द्रता असता तीच यंत्रणा जेमतेम तीन-चार अंशांचा फरक पाडते. वीज खर्ची पडते, आत ओलावा साचतो आणि कोवळी रोपे बुरशीने कुजतात.

अशा आनूप देशी उंच छप्पर, माथ्यावर झरोका, जाळीच्या मोकळ्या बाजू व सावलीसाठी शेडनेट हीच रचना हितकर. तापलेली हवा वर चढून झरोक्यातून आपोआप बाहेर पडते.

म्हणून दरपत्रके मागविण्यापूर्वी वैद्य बंधुभगिनींनी नियोजित जागेवरील दुपारचे तापमान व आर्द्रता किमान एक उन्हाळाभर नोंदवावी. रुग्णाप्रमाणेच रोपाचीही चिकित्सा देश पाहूनच करावयाची असते.